रॅम घ्यावी की एसएसडी? आधी पेजफाइल घरी आणा

वाचकाचे पत्र

"माझा संगणक २०२० साली असेंबल करून घेतलेला आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ६ जीबीचे जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, विंडोजसाठी २४० जीबीची साटा एसएसडी आणि गेम ठेवण्यासाठी १ टीबीची हार्ड डिस्क अशी त्याची रचना आहे. सायबरपंक २०७७ सुरू व्हायला अडीच-तीन मिनिटे लागतात. गेममधल्या शहरातून गाडी वेगात नेली की चित्र अर्धा-पाऊण सेकंद गोठते. डी ड्राइव्ह भरल्यामुळे एक गेम काढल्याशिवाय दुसरा टाकता येत नाही. सी ड्राइव्हवर ११० जीबी जागा रिकामी आहे, परंतु एसएसडी लवकर झिजू नये म्हणून मी तिला हात लावत नाही, आणि एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पेजफाइलही डी ड्राइव्हवर हलवली आहे. पगारातून सध्या एकाच वस्तूपुरते पैसे बाजूला काढता आले आहेत. दुकानदार म्हणतात रॅम वाढवा, कंपनीतला सहकारी म्हणतो मदरबोर्डावर थेट बसणारी वेगवान एनव्हीएमई एसएसडी घे. मेमरी वाढवू की स्टोरेज?"
(एक वाचक, सांगली)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती आपण जाता जाता, शेवटाकडे दिली आहे, आणि ती म्हणजे पेजफाइल डी ड्राइव्हवर हलवल्याची. आपण काय विकत घ्यावे हे मी पुढे सांगणारच आहे, परंतु त्याआधी एक रुपयाही खर्च न करता दोन गोष्टी करून पाहाव्यात असा माझा आग्रह आहे. कारण रॅमची कमतरता आणि साठवणुकीचा संथपणा या दोन वेगळ्या दुखण्यांची लक्षणे पडद्यावर अगदी सारखी दिसतात, आणि आपल्या संगणकात ही दोन्ही दुखणी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेली आहेत.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. मोबाइलमुळे आपण सगळेच 'मेमरी फुल झाली' असे म्हणतो तेव्हा आपल्याला साठवणुकीची जागा अभिप्रेत असते. संगणकाच्या दुकानात मात्र मेमरी म्हणजे रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि साठवण म्हणजे कोठीची खोली असे समजल्यास फारसे चुकणार नाही. ओटा लहान असेल तर स्वयंपाक करणाऱ्याला अर्धवट चिरलेली भाजी कोठीत नेऊन ठेवावी लागते आणि दोन मिनिटांनी तीच पुन्हा आणावी लागते. विंडोज हेच करते: रॅम अपुरी पडू लागली की तिच्यातला सध्या न लागणारा भाग ते डिस्कवरील पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवते आणि गरज पडली की परत वाचते. आपण ही फाइल चिपवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडीवरून फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर नेली, म्हणजे शेजारची कोठी बंद करून तळमजल्यावरची उघडली; आणि त्याच तळमजल्यावरून गेमही आपले सामान वर आणतो आहे.

हे किती महागात पडते ते आकड्यांनी पाहू. डेस्कटॉपमधील हार्ड डिस्कच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि त्याआधी शीर्षाचा दांडा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद झाले. आता दुसरी बाजू पाहा: सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंदच मिळतात. म्हणजे डिस्कवरून एक चिमूटभर माहिती आणण्यात जवळजवळ एका पूर्ण चित्राचा वेळ खर्ची पडतो, आणि अशा पन्नास मागण्या रांगेत उभ्या राहिल्या की आपण लिहिलेला अर्धा-पाऊण सेकंद तंतोतंत भरतो. सलग ठेवलेली मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते. परंतु ४ किलोबाइटचे सुटे तुकडे वेगवेगळ्या जागांवरून गोळा करायला लागल्यास तिची मजल सेकंदाला ऐंशी तुकड्यांच्या, म्हणजे सुमारे ३२० किलोबाइटच्या पुढे फारशी जात नाही. साध्या साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एसएसडीला असा एक तुकडा आणायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो.

याचा पुरावा आपल्याला कानांनीही मिळेल. हेडफोन काढून ठेवा, पंख्यांच्या आवाजाची सवय होऊ द्या आणि गेममधली गाडी वेगात न्या. चित्र गोठते त्याच क्षणी कॅबिनेटमधून बारीक करकर ऐकू आली, तर तो त्या दांड्याचा आवाज आहे.

आता पहिला फुकटचा उपाय. कंट्रोल पॅनेलमधून सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड या भागातील परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज उघडाव्यात, तेथे पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड निवडून व्हर्च्युअल मेमरीखालील चेंजवर क्लिक करावे, डी ड्राइव्हवरील पेजफाइल रद्द करून सी ड्राइव्हसाठी 'सिस्टीम मॅनेज्ड साइज' निवडावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. एसएसडी झिजण्याची आपली भीती निराधार नाही, पण तिचे माप चुकले आहे. २४० जीबीच्या साध्या साटा एसएसडीसाठी उत्पादक ८० टेराबाइटच्या आसपास लेखनाची हमी देतात. रोज २० जीबी लिहिले गेले तरी ही मर्यादा गाठायला चार हजार दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे लागतील. संगणकातला सर्वांत चपळ भाग जपून ठेवण्यासाठी आपण सर्वांत संथ भागावर दुहेरी ओझे टाकले आहे, आणि असे सल्ले देणारे व्हिडिओ दहा वर्षांपूर्वीच्या धास्तीवर अजून पोट भरत आहेत, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे सायबरपंक हा एकच गेम सी ड्राइव्हवर आणणे. हा गेम ७० जीबी जागा मागतो आणि आपल्याकडे ११० आहे. गेम विकणाऱ्या स्टीम या सेवेवर असल्यास सी ड्राइव्ह आधी स्टीमच्या स्टोरेज सेटिंग्जमध्ये जोडून घ्यावा आणि मग गेमच्या प्रॉपर्टीजमधील इन्स्टॉल्ड फाइल्स या भागातून तो हलवावा. पुन्हा डाउनलोड करण्याची गरज पडत नाही. या गेमच्या निर्मात्यांनी २०२३ साली, फँटम लिबर्टी हा विस्तार येण्याच्या सुमारास, किमान गरजांची यादी बदलली आणि हार्ड डिस्कचे नाव तिच्यातून काढून टाकले. आज त्या यादीत किमान पातळीलाही एसएसडी आहे, १२ जीबी रॅम आहे, आणि शिफारस १६ जीबीची आहे. आपला संगणक या यादीतल्या दोन्ही कलमांवर कमी पडतो. म्हणून दुकानदारही बरोबर आहेत आणि सहकारीही. चुकीचा आहे तो फक्त 'दोघांपैकी एकच खरा' हा आपला समज.

हे दोन्ही बदल एकाच दिवशी करू नयेत. आधी पेजफाइल परत आणावी, दोन दिवस खेळून पाहावे, मग गेम हलवावा. म्हणजे कशाने काय सुधारले ते कळेल. माझा अंदाज असा आहे की पेजफाइल परत आणल्यावर लांब गोठणे आखूड होईल आणि गेम हलवल्यावर तीन मिनिटांची प्रतीक्षा मिनिटाच्या आत येईल. एनव्हीएमई एसएसडी घेऊन आपल्याला जो अनुभव मिळाला असता, त्याचा बहुतांश भाग आपल्याला या गेमपुरता येथेच मिळून जाईल. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटपर्यंत वाचते आणि आपल्या बोर्डावर एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाऊ शकते हे खरे आहे, परंतु गेम सुरू होण्याच्या वेळेत हा सहापट फरक बहुधा काही सेकंदांचाच उरतो, कारण तेवढ्यात प्रोसेसरला आलेला माल उलगडूनही ठेवायचा असतो. खरी उडी हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येण्याची आहे. गेमचा माल एसएसडीवरून झटपट उचलणारे डायरेक्टस्टोरेज हे तंत्र मायक्रोसॉफ्टने २०२२ साली विंडोजवर आणले, त्याचा फायदा घेणारे गेम एनव्हीएमईला अधिक न्याय देतात. परंतु त्यांची संख्या अद्याप मोजकी आहे.

यानंतर जे अडखळणे शिल्लक राहील ते मोजावे. गेम चालू असताना आल्ट आणि टॅबने बाहेर येऊन टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या भागात मेमरी उघडावी. तेथे 'कमिटेड' या शब्दाखाली तिरक्या रेषेने तोडलेले दोन आकडे दिसतात. पहिला आकडा म्हणजे विंडोजने सर्व प्रोग्रामना मिळून कबूल केलेली मेमरी, आणि दुसरा म्हणजे रॅम व पेजफाइल मिळून देता येण्याजोगी कमाल. कबूल केलेले सगळेच प्रत्यक्ष वापरले जात नाही, त्यामुळे पहिला आकडा ८ च्या थोडा वर गेला म्हणून घाबरू नये. परंतु तो १३-१४ वर मुक्काम करून असेल आणि 'अ‍ॅव्हेलेबल' या आकड्यात काहीशे मेगाबाइटच उरत असतील, तर रॅम अपुरी आहे याबद्दल शंका घेऊ नये. रिसोर्स मॉनिटरमधील 'हार्ड फॉल्ट्स' हा आलेख आणखी नेमका आहे: गेम सुरू होताना तो उसळणे स्वाभाविकच आहे, मात्र खेळाच्या मध्यावर तो सतत शेकड्यांत राहत असेल तर ओट्यावरून कोठीत आणि कोठीतून ओट्यावर ही ये-जा चालू आहे. ब्राउझर आणि डिस्कॉर्डसारखे गप्पांचे अ‍ॅप पूर्ण बंद करून हाच प्रयोग पुन्हा करावा. त्याने लक्षणीय फरक पडला, तर निदानावर शिक्कामोर्तब झाले.

आपल्या बाबतीत ते होईल असे मी धरून चालतो, आणि म्हणून माझा कौल असा: आत्ताचे पैसे रॅमवर खर्च करावेत.

यामागे गणिताइतकेच आपल्या संगणकाचे वैशिष्ट्यही आहे. आपल्याकडे छोटी का होईना एसएसडी आहे, म्हणजे साठवणुकीची निकड आपण तात्पुरती भागवू शकता. रॅमला तसा पर्याय नाही, कारण पेजफाइल कितीही चांगल्या एसएसडीवर ठेवली तरी ती रॅमच्या पासंगालाही पुरत नाही. आपल्या एका स्टिकची क्षमता, ती २६६६ वेगाची आहे असे धरल्यास, सेकंदाला सुमारे २१ जीबी आहे. साटा एसएसडीची अर्धा जीबीच्या थोडी वर. शिवाय आपण एकच स्टिक वापरत असल्यामुळे प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे जे दोन मार्ग आहेत त्यांपैकी एक आजवर ओसाड पडून आहे. दुसऱ्या मार्गावर जोडीची स्टिक बसली की ही क्षमता दुप्पट होते, आणि रायझन ३६०० सारख्या प्रोसेसरवर गेम खेळताना सरासरी चित्रसंख्येपेक्षा मधूनमधून बसणाऱ्या गचक्यांमध्ये त्याचा फायदा अधिक जाणवतो. तिसरी बाब ग्राफिक्स कार्डची. त्याची स्वतःची ६ जीबी मेमरी टेक्स्चरनी (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांच्या चित्रांनी) भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये सांडतो, आणि तेथे आधीच दाटी असेल तर गर्दी दोन्हीकडून वाढते. रॅम येईपर्यंत टेक्स्चरची पातळी 'हाय'वरून 'मीडियम'वर आणून पाहावी. चौथे म्हणजे, मोकळी राहिलेली रॅम विंडोज रिकामी ठेवत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाइल तिच्यात धरून ठेवते, त्यामुळे हार्ड डिस्कवर राहिलेले जुने गेमही दुसऱ्यांदा उघडताना थोडे लवकर उघडतात.

आपण विंडोज हार्ड डिस्कवरून चालवत असता, तर मी याच्या नेमके उलट, डोळे झाकून एसएसडी सांगितली असती. आपल्याकडे १६ जीबी असती, तरीही एसएसडीच. तेव्हा आपल्या एखाद्या मित्राने हे उत्तर वाचून स्वतःच्या संगणकाला जसेच्या तसे लावू नये.

कोणती रॅम घ्यावी? बी४५० बोर्डावर डीडीआर४ या पिढीची रॅम चालते. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते आणि ती बसतच नाही. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडून एसपीडी या भागात आपल्या स्टिकची क्षमता, वेग आणि उत्पादक पाहून घ्यावे व शक्यतो तशीच ८ जीबीची स्टिक आणावी. तंतोतंत तीच मिळाली नाही तरी बिघडत नाही, फक्त दोन्ही स्टिक त्यांतील संथ स्टिकच्या वेगाने चालतील. म्हणून २६६६ च्या जोडीला ३२०० साठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. बोर्डाला दोनच स्लॉट असतील आणि भावातला फरक परवडत असेल तर १६ जीबीची एक स्टिक घेऊन एकूण २४ करता येतात. त्यातील १६ जीबी दोन्ही मार्गांनी आणि उरलेली ८ एकाच मार्गाने चालते, आणि व्यवहारात हा फरक फारसा जाणवत नाही.

भावाबद्दल मात्र सावध करणे आवश्यक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर झपाट्याने चढले. डीडीआर४ चे उत्पादन मोठे कारखाने आधीच आवरते घेत होते, त्यामुळे तीही यातून सुटली नाही. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा परिचितांकडून जुनी डीडीआर४ घेण्यास माझी हरकत नाही. नवीन बोर्डाकडे वळणारे लोक जुन्या स्टिक विकतात, आणि रॅम हा एक असा भाग आहे की चालतो तेव्हा नीट चालतो. त्यात झिजण्यासारखे काही नसते. हेच मी जुन्या एसएसडीबद्दल मुळीच म्हणणार नाही, कारण तिच्यात किती लेखन होऊन गेले आहे ते वरून कळत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये वापराचे तास आणि लेखनाचे आकडे दिसतात हे खरे, पण दुकानात उभे राहून ते पाहू देणारा विक्रेता विरळा.

साठवणुकीची पाळी यथावकाश, पुढच्या दिवाळीला म्हणा, येऊ द्यावी. परंतु तेव्हा ५०० जीबीवर समाधान मानू नये. रेड डेड रिडेम्पशन २ आणि बाल्डर्स गेट ३ हे दोन गेम प्रत्येकी १५० जीबी मागतात, म्हणजे विंडोज धरून अर्धा टीबी तिसऱ्या गेमलाच संपेल, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना संथ होते. १ टीबीची, पीसीआयई ३.० (बोर्डाशी जोडणीची एक पिढी) ची एनव्हीएमई आपल्याला पुरेशी आहे. बाजारात ४.० च्याच अधिक दिसतील. त्या आपल्या बोर्डावर चालतील, फक्त ३.० च्या वेगाने. घेण्यापूर्वी बोर्डाच्या पुस्तिकेत एक गोष्ट पाहावी: काही बी४५० बोर्डांवर एम.२ हा एनव्हीएमई बसवायचा स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि मग नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क 'गायब' झाल्याची तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. केबल शेजारच्या पोर्टात लावली की ती परत येते.

गेम इतके अजस्र का झाले, याला काही अंशी हार्ड डिस्कच कारणीभूत आहे, हे जाता जाता नमूद करतो. शीर्षाची धावपळ कमी व्हावी म्हणून निर्माते एकच वस्तू डिस्कवर अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहून ठेवत. हेलडायव्हर्स २ या गेमच्या निर्मात्यांनी २०२५ च्या शेवटी ही पुनरावृत्ती काढून टाकली आणि १५४ जीबीचा गेम सुमारे २३ जीबीवर आला. सगळेच गेम असे रोडावतील अशी आशा धरू नये, परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी असल्यापासून नवे गेम हार्ड डिस्कचा विचार कमी कमी करू लागले आहेत, हे पक्के समजावे. आपली १ टीबीची डिस्क फोटो, चित्रफिती आणि जुन्या गेमसाठी खुशाल राहू द्यावी.

या दोहोंपैकी कोणत्याही खरेदीने ग्राफिक्स कार्डाची ताकद वाढत नाही. खेळताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, ९८-९९ टक्क्यांवर असेल, तर सरासरी चित्रसंख्या जेथे आहे तेथेच राहील. तसेच नवा गेम किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या तासात जे बारीक अडखळणे होते, ते बहुधा शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्यामुळे असते आणि आपोआप ओसरते.

रॅम आपण स्वतः बसवू शकता. संगणक बंद करून पॉवर केबल काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच स्टिक हातात घ्यावी. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जोडी बसवावी. शेजारीशेजारी बसवल्यास दोन्ही स्टिक बहुधा एकाच मार्गावर येतात आणि जोडीचा फायदा हातचा जातो. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने, वाटते त्यापेक्षा जास्त जोर देऊन दाबावे, खटक्याचा आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा रॅम बदलली तेव्हा त्या खटक्याला घाबरून मी अर्धवटच दाबली होती आणि काळ्या पडद्यासमोर अर्धा तास घामाघूम होऊन बसलो होतो. पडदा काळाच राहिला तर दोन्ही स्टिक काढून त्यांच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, भुगा फुंकून टाकावा आणि पुन्हा बसवाव्यात. दुरुस्ती करणारेही आधी हेच करतात.

संगणक सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, वेग आणि वापरातील स्लॉटची संख्या पाहावी. त्यानंतर, विशेषतः स्टिक जुनी घेतली असेल तर, मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवावा. सकाळी त्यात एक जरी चूक नोंदलेली दिसली, तरी आधी प्रत्येक स्टिक एकटी लावून दोष जुनीत आहे की नवीत ते पाहावे, आणि नवीत असेल तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठावे.